फणसाचा बेस

बेस गिटारविषयी रामचंद्र राऊतांचं मत चाळीस वर्षं एकच होतं, आणि कोणी विचारलं नाही तरी ते सांगत असत. बेस स्वस्तातलाच घ्यावा. कारण तो कोणालाही ऐकू येत नाही.

मत अनुभवाचं होतं. ऐन पंचविशीत ते लग्नांत वाजवणाऱ्या डेन्झिलच्या बँडमध्ये बेस गळ्यात अडकवून उभे राहिले, ते आजवर उभेच होते. बँडमध्ये बाकी सगळे ख्रिस्ती आणि हे एकटे सोनचाफ्याच्या वाडीवाले हिंदू, त्यामुळे वसईतल्या निम्म्या चर्चच्या आवारातले मांडव त्यांना घरच्यासारखे माहीत. लग्नातल्या लोकांना डेन्झिलचं ट्रम्पेट ऐकू येतं, गाणारी मुलगी ऐकू येते आणि जेवण मांडल्याची वर्दी तर फारच स्पष्ट ऐकू येते. बेस ऐकू आल्याचं कोणी कबूल केल्याचं रामभाऊंना आठवत नव्हतं. एकदा एका नवरीच्या मामाने मात्र जवळ येऊन आस्थेने विचारलं होतं, "सहातल्या दोन तारा कधी तुटल्या?"

त्यांचा बेस काळा, चार तारांचा, मस्कतहून सुटीवर आलेल्या कुणाकडून जुनाच घेतलेला. रंगाचे टवके उडाले होते. माणिकपूरला जितेशचं वाद्यांचं दुकान होतं, तिथे संध्याकाळी तरुण मंडळी जमून कस्टम बेसवर वाद घालत. कस्टम म्हणजे आपल्या मापाचा, आपल्या पसंतीच्या लाकडाचा, एका माणसाने बसून हाताने घडवलेला. शर्ट शिवून घ्यावा तसा. फक्त हा शिंपी लाखाच्या खाली तोंड उघडत नाही. मंडळी लाकडाच्या आवाजाबद्दल बोलू लागली की रामभाऊ तारांचं पाकीट खिशात घालत म्हणत, "लाकडातून आवाज येत असता तर आमच्या वाडीत कोणाला झोप लागली नसती."

जितेश हसायचा. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र म्हणायचा, "काका, तुम्ही आत येऊन बोलत जा. दारात उभं राहून बोलता आणि माझा धंदा जातो."

रामभाऊंच्या बायकोच्या, जयवंतीच्या कानांचं आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिची तक्रार कानांबद्दल नव्हतीच, पाखरांबद्दल होती. यंदा वाडीत पाखरं येत नाहीत, असं ती म्हणाली. ती हे म्हणत असताना वरच्या फांदीवर एक दयाळ गळा फाडून ओरडत होता. रामभाऊंनी वर पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि विषय बदलला. मग कुकरच्या शिट्ट्या बंद झाल्या. लागोपाठ डाळ करपली तेव्हा जयवंतीने कुकर बदलला. नवा कुकरही मुकाच निघाला.

मुलगी मेघना विरारला मनवेलपाड्यात राहायची. ती एका रविवारी आली, दारावरची बेल वाजवून वाजवून दमली, आणि दुसऱ्याच दिवशी आईला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कागदावर उतरत जाणारी एक रेघ दाखवली. म्हणाले, बारीक आणि उंच आवाज आधी जातात. जाड, खालचे आवाज शेवटपर्यंत राहतात. पण रेघ उतरतेय.

"शेवटपर्यंत म्हणजे कुठपर्यंत?" रामभाऊंनी विचारलं.

डॉक्टरांनी यावर यंत्राची माहिती दिली. यंत्र घेतलं. जयवंतीने ते काही दिवस निमूट घातलं, मग डब्यात घालून कपाटात ठेवलं. "त्यात सगळे बोलतात ते पत्र्यावर उंदीर पळाल्यासारखं येतं," ती म्हणाली. "त्यापेक्षा तोंडाकडे बघून कळतं मला."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी रामभाऊ ओटीवर बसून येत्या लग्नाची गाणी घोळवत होते. बेसची वायर डब्यासारख्या जुन्या अँप्लिफायरला लावलेली. आतून जयवंती ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि उंबऱ्याशी उभी राहिली.

"हे कोणतं?"

रामभाऊंनी गाण्याचं नाव सांगितलं.

"यात हे असं आहे?"

"असं म्हणजे?"

"हे खालून खालून चालतं ते. कोणी तरी घरात शिरून सामान नीट लावत असल्यासारखं." ती खाली बसली. "इतकी वर्षं तुम्ही हे वाजवत होता?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

चाळीस वर्षं जयवंती प्रत्येक लग्नाला पुढच्या रांगेत बसली होती, गाणी ऐकली होती, ट्रम्पेट ऐकलं होतं, गाणाऱ्या मुलीच्या झग्याला नावं ठेवली होती. नवऱ्याचं वाजवणं तिच्यापर्यंत पोचायला मधले सगळे आवाज गळून पडावे लागले. रामभाऊंना त्या क्षणी डॉक्टरांची ती रेघ थोडी आवडली, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

पुढचे काही महिने त्या घरात रोज संध्याकाळी मैफल होती. रामभाऊ नुसता बेस वाजवायचे, गाणं न सांगता, आणि जयवंती ओळखायची. नुसत्या बेसवरून गाणं ओळखणारी बाई वसईत दुसरी नव्हती. तशी कोणाला गरजही नव्हती म्हणा. लग्नांना ती आता स्पीकरच्या शेजारची खुर्ची धरायची आणि घरी येताना रिक्षात हिशेब द्यायची.

"दुसऱ्या गाण्यात तुम्ही घसरलात."

"कोणाला कळलं नाही."

"मला कळलं."

रामभाऊ बाहेर बघत बसायचे. आपली चूक कोणी तरी पकडतंय, याचं सुख एवढं मोठं असतं हे त्यांना या वयात कळत होतं.

मग ती गाणी चुकू लागली. आधी एखादं, मग दिवसाआड. एकदा ती म्हणाली, "तुम्ही त्या बारीक तारांवर गेलात की घराबाहेर गेल्यासारखं वाटतं. मग जाड तारेवर आलात की परत येता." रामभाऊंनी त्यानंतर बारीक तारांवर जाणं सोडलं. डेन्झिलने तालमीत विचारलं, "काय रे राम, तू आता एकाच तारेवर नोकरी करतोस?" रामभाऊ म्हणाले, "वय झालं, उड्या मारवत नाहीत."

जाड तारही एक दिवस अपुरी पडणार, हे त्यांना दिसत होतं. आणि त्याहून जाड तार असलेला बेस जगात आहे, हे जितेशच्या दुकानात रोज दिसत होतं. पाच तारांचा, चकचकीत निळा, भिंतीवर टांगलेला, किंमतही बेताची. रामभाऊंनी एका दुपारी तो उतरवून घेतला आणि पाचवी तार छेडली. तार ढिली होती. ओले कपडे टाकलेली दोरी वाऱ्यावर हलावी तसा तिचा सूर इकडून तिकडे झाला आणि विरून गेला.

"स्वस्तातल्या पाच तारीचं हे असंच," जितेश म्हणाला. "पण तुम्हाला काय फरक पडतो? बेस कुठे कोणाला ऐकू येतो?"

"माझ्या बायकोला येतो," रामभाऊ म्हणाले.

जितेशला वाटलं काका चेष्टा करतायत. पण काकांनी बेस परत टांगला आणि विचारलं, "तो चांदीपचा पोरगा कसा काम करतो?"

चांदीपचा पोरगा म्हणजे शॉन. मूळचा वसईचाच, चांदीप गावात भातशेताच्या कडेला एक जुना गोठा भाड्याने घेऊन त्यात गिटारी घडवायचा. पोरगा म्हणायचं इतकंच, तिशी उलटून गेली होती. बोलायचा कमी, आणि बोलण्याआधी समोरच्या फळीवर बोटाचं पेर वाजवून बघायचा. रामभाऊंनी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टरांची रेघसुद्धा.

"पाचवी तार घट्ट उभी राहील असा करून देतो, अंकल," शॉन म्हणाला. "सुकलेलं लाकूड माझ्याकडे तयार आहे. गणपतीपर्यंत घेऊन जा."

रामभाऊंनी लाकूड पाहिलं. चांगलं होतं, पण कुठल्या तरी दुसऱ्याच मुलखातलं होतं. त्यांच्या विहिरीशेजारी वादळात पडलेला फणस आडवा होऊन पडला होता. या फणसाचे गरे काढता काढता जयवंतीच्या हातांना चीक लागायचा आणि ती फणसाला उद्देशून जे बोलायची ते रामभाऊ नेहमी स्वतःला लावून घ्यायचे.

"आमचा फणस आहे. तो घाल."

शॉन येऊन बघून गेला. खोडावर पेर वाजवलं. "लाकूड सोन्यासारखं आहे. पण आत ओलं आहे. फळ्या पाडून सावलीत दोन पावसाळे तरी ठेवायला पाहिजेत, नाहीतर तडकेल."

"ठेव."

"अंकल, दोन पावसाळे."

"अरे, नारळ लावून सात सात वर्षं वाट बघणारी माणसं आम्ही. दोन पावसाळ्यांचं काय सांगतोस?"

ही चूक वाडीवाल्यानेच करावी. इमारतीत राहणारा माणूस तयार लाकूड घेऊन मोकळा झाला असता. त्याहून घाईतला असता तर दुकानातला निळा बेस खांद्यावर टाकून घरी गेला असता. वाडीवाल्याला वाट बघणं हेच काम वाटतं. खड्डा केला, रोप लावलं, पाणी घातलं, आता बसायचं. डॉक्टरांची रेघ रामभाऊ विसरले होते असं नाही. पण कान झाडासारखे असतात, सावकाश वाळतात, असा त्यांनी आपला समज करून घेतला.

हे गुपित ठेवायचं ठरलं होतं. म्हणून रामभाऊंनी ते फक्त डेन्झिलला सांगितलं, आणि चर्चमधली रविवारची प्रार्थना, मिस्सा, सुटल्यावर ते सगळ्या गावाला कळलं. जयवंतीला कोळणीने सांगितलं. जयवंतीने ते नवऱ्याला सांगितलं नाही.

रामभाऊंच्या चांदीपच्या फेऱ्या सुरू झाल्या. स्वस्त बेसचा चाळीस वर्षांचा पुढारी आता खुंट्या पितळी बऱ्या की काळ्या यावर तास तास घालवू लागला. मान किती जाड हवी, मागची कड किती गोल हवी, पट्टीवर खुणेला ठिपके हवेत की चाफ्याची फुलं. फुलं ठरली. मग पाकळ्या किती यावर फेरी झाली.

"राम," डेन्झिल म्हणाला, "मेघनाचं स्थळ बघायला गेलो तेव्हा तू इतके प्रश्न विचारले नव्हतेस."

"तिथे जावई तयार मिळाला होता. हा घडवायचा आहे."

पहिला पावसाळा सरला. दुसऱ्यात एक फळी मधोमध उलली. शॉनने ती बाजूला ठेवून दुसरी घेतली. ती अजून सुकायची होती. रामभाऊ म्हणाले, घाई नको. घाई करून काम बिघडवणाऱ्यांबद्दल त्यांनी शॉनला एक छोटं व्याख्यानही दिलं.

घरी एका संध्याकाळी त्यांनी जाड तारेवर एक अख्खं गाणं वाजवलं. जयवंती हसली, पण गाणं संपल्यावर थोड्या वेळाने. अर्धवट ऐकवण्यात काय अर्थ आहे, त्यांनी स्वतःशी म्हटलं, नवा आला की पुरतं ऐकवू. त्यांनी काळा बेस खोळीत घातला. तो फक्त लग्नांना बाहेर निघायचा.

"वाजवा की," जयवंती अधूनमधून म्हणायची.

"थांब," रामभाऊ हाताने खूण करायचे. "थोडं थांब."

काही दिवसांनी ती विचारेनाशी झाली. तिला धीर धरता येतो, म्हणून त्यांना बरंच वाटलं.

बेस आला तेव्हा थंडी सुरू झाली होती. शॉनने तो गाडीच्या मागच्या सीटवर आडवा ठेवून आणला, एखाद्या आजाऱ्याला आणावं तसा. मेघना आली होती, डेन्झिल तर सकाळपासूनच येऊन बसला होता. खोळ उघडली. फणसाचं लाकूड हळदीच्या रंगाचं निघालं होतं आणि मानेवर चाफ्याची पांढरी फुलं एकापाठोपाठ एक चढत गेली होती. डेन्झिलने फक्त हात पँटला पुसले आणि लांबूनच बघितलं.

रामभाऊ खुर्चीवर बसले, बेस मांडीवर घेतला. वजन असं बसलं की बेस कुठे संपतोय आणि कुठे मांडी सुरू होतेय ते कळेना. शॉन वायर लावायला वाकला होता, त्याला अँप्लिफायरचं भोक सापडत नव्हतं. रामभाऊंची बोटं सवयीने तारांवर फिरली. दोन-चार सूर, नुसत्या तारांचे, समोर बसलेल्या माणसाला नीट कान असले तरी जेमतेम ऐकू जातील असे.

समोर जयवंती बसली होती. तिने मान डोलावली. म्हणाली, "किती छान."

शॉनच्या हातात वायरचं टोक तसंच राहिलं. मेघना आईकडे बघत होती. डेन्झिल जमिनीकडे.

मग वायर लागली. रामभाऊंनी पाचवी तार छेडली, आणि आत फडताळातली ताटं एकमेकांना लागून वाजली. सूर हलला नाही, विरला नाही. ओटीच्या मधोमध खांब रोवावा तसा उभा राहिला. चाळीस वर्षं आपण चुकीचं बोलत होतो, हे रामभाऊंना त्या एका सुरात कळलं. महागाचा बेस खराच वेगळा असतो. लाकडातून आवाज येतो. त्यांच्या विहिरीशेजारचा अख्खा फणस त्यात बोलत होता. डेन्झिल हळूच म्हणाला, "राम, फसवलंस तू आम्हाला इतकी वर्षं."

रामभाऊंनी जयवंतीच्या ओळखीचं गाणं वाजवलं, खाली, अगदी खाली. जयवंतीने मान डोलावली. म्हणाली, "किती छान." आवाज तोच, चेहरा तोच.

मेघनाने आईचा हात धरून बेसच्या लाकडावर टेकवला. जयवंतीने तो थोडा वेळ तिथे ठेवला. "थरथरतंय," ती सभ्यपणे म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

सगळे गेल्यावर रामभाऊ स्वयंपाकघरात तिच्या समोर जाऊन बसले, उजेड तोंडावर येईल असे, म्हणजे तिला ओठ दिसतील.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

त्यांनी कानाला हात लावला.

जयवंती कपबशा पुसत होती. "दिवाळीच्या आधी होतं थोडं. विहिरीवरचा पंप लागला की कळायचा. मग एक दिवस वाटलं पंप बिघडला. जाऊन बघितलं तर पाणी येत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही त्या पोराला नको म्हणून सांगितलं असतं." तिने बशी कपाखाली ठेवली. "चांदीपला जाताना तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालत होता. आपल्या लग्नाची बोलणी करायला आलात तेव्हा नव्हता घातला."

"जुना होता ना घरात. तो वाजवला असता मी. रोज वाजवला असता."

त्यांचे ओठ थरथरत होते. तिला ते वाचायला वेळ लागला.

"मी म्हणत होते की वाजवा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात थांब. मी थांबले."

तिने हे दूधवाला आला नाही हे सांगावं तसं सांगितलं. त्यात बोल लावणं नव्हतं, आणि रामभाऊंना वाटलं, असतं तर बरं झालं असतं. कपबशा आवरत जयवंती म्हणाली, "शॉनला काही सांगू नका हां. जिवापाड केलंय पोराने."

फेब्रुवारीत डेन्झिलच्या पुतणीचं, एमिलीचं लग्न होतं. हॉल माणिकपूरचा. रामभाऊंनी नवा बेस नेला, कारण जुना नेला असता तर डेन्झिलने कारण विचारलं असतं. गाणी सुरू होण्याआधी जितेश स्टेजपाशी आला. शॉनचं काम त्याने सगळीकडून निरखून पाहिलं.

"काका, आता खरं सांगा. गिऱ्हाइकं मला रोज विचारतात. महागातला करून घ्यावा की नको?"

"वाजतो चांगला," रामभाऊ म्हणाले. "खोटं कशाला बोलू. माझ्या काळ्याला याची सर नाही."

"मग करून घ्या म्हणून सांगू?"

रामभाऊंनी पट्टा खांद्यावर सारखा केला. "तुझ्या भिंतीवर तो निळा होता, तो आहे का अजून?"

"तो केव्हाच गेला. कोणी एक जण घेऊन गेला."

"वाजवतो का घरी?"

"ते कसं कळणार मला?"

"बरोबर," रामभाऊ म्हणाले. "कसं कळणार."

जयवंती तिच्या नेहमीच्या खुर्चीवर, स्पीकरशेजारी, बसली होती. तिथे आता बसायचं कारण उरलं नव्हतं, पण एमिलीच्या आईने खुर्ची राखून ठेवली होती, उगाच तिला वाईट वाटायला नको म्हणून. गाणी रंगली. पन्नासेक जोड्या नाचत होत्या. नव्या बेसने हॉलची जमीन हलत होती. म्हातारे खुर्चीवर बसल्या बसल्या पाय आपटत होते. जयवंती नाचणाऱ्यांकडे बघत होती.

रामभाऊंनी मध्येच, गाणं ऐन भरात असताना, हात उचलला. मुद्दाम. बाकीचे वाजवतच होते, ट्रम्पेट चालू होतं, मुलगी गात होती. पण नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. काय गेलं ते कोणाला कळलं नाही. एक जोडी थांबून स्टेजकडे बघू लागली, एमिलीने नवऱ्याच्या पायावर पाय दिला. सगळा हॉल क्षणभर पायरी चुकल्यासारखा झाला. डेन्झिलने ट्रम्पेटवरून डोळे वटारले. रामभाऊंनी बोटं परत तारेवर टेकवली, पाचव्या तारेवर, आणि पन्नास जोड्यांचे पाय एकदम जमिनीवर आले.

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. जयवंती त्यांच्याकडेच बघत होती. ती हसली आणि तिने मान डोलावली.

ती जोड्यांचे पाय बघून हसली, की आपला नवरा आपल्याकडे बघतोय म्हणून हसली, ते स्टेजवरून कळेना. रामभाऊंनी आणखी एकदा हात उचलून बघायचा विचार केला. पण डेन्झिल त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला होता, आणि गाण्याचं शेवटचं कडवं सुरू झालं होतं, म्हणून ते वाजवत राहिले.